ग, पट, नरम, कतलस

"वाच, बाळ! डोळ्यांनी नको वाचूस. आतून वाच!"

दृष्टियोगींनी हात वर केला आणि शाळेच्या मोठ्या खोलीतली कुजबुज थांबली. खोली कसली, माणसांनी ठासून भरलेली पेटीच ती. खिडक्यांच्या गजांना बापे लटकले होते, दारात आया कडेवरची पोरं सावरत टाचा उंचावत होत्या आणि पुढे जमिनीवर शाळेतली झाडून सगळी मुलं मांडी घालून बसली होती. समोरच्या भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता होता. तक्त्यापासून लांब, खडूने ओढलेल्या रेघेवर, धडपडी उभी होती.

धडपडी हे काही तिच्या आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. बाकाला धडक, दाराला धडक, समोरून येणाऱ्या मास्तरांनाही धडक, म्हणून वर्गाने तिला ते बहाल केलं होतं. फळ्यावरचं तिला दिसत नसे. दिसत नाही म्हणून वहीत उतरत नसे, आणि वहीत नाही म्हणून गणित चुकत असे. आता एवढा लांबचा विचार कोण करणार? सगळ्यांनी मिळून ती 'ढ' आहे असं ठरवून टाकलं होतं. थोड्या वेळापूर्वी योगींनी खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून आपल्या औषधाच्या बाटलीवरचं लेबल तिच्याकडे धरलं, तेव्हा तिला ओ की ठो वाचता आलं नव्हतं. मग तिच्या डोळ्यांत त्याच बाटलीतले थेंब पडले, कपाळावरून हात फिरला, थोडं गुणगुणून झालं आणि तिला तक्त्यासमोर उभं करण्यात आलं.

"ग," धडपडी म्हणाली.

"पुढे!"

"पट. नरम." आणि एक दमभर थांबून तिने सगळ्यांत खालची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ घडाघडा म्हणून टाकली, "कतलस!"

टाळ्यांनी छप्पर उडायचंच बाकी राहिलं. आणि त्या गर्दीत सगळ्यांत जोरात टाळ्या कोण पिटत होतं? तर शंकासुर!

या गृहस्थांची ओळख करून द्यायलाच हवी. कॉलेजात जन्मभर पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले हे प्राध्यापक. महिन्यातून एका रविवारी जीप भरून डोंगरापलीकडच्या शाळांना वह्या, दप्तरं आणि औषधं पोचवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष. कुणी काहीही म्हटलं तरी "पुरावा काय?" असं विचारायची त्यांना खोड होती. दुधवाला "दूध ताजं आहे" म्हणाला तरी विचारायचे. म्हणून मंडळाने त्यांना शंकासुर म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव ते छातीवर पदक लावावं तसं मिरवत. मंडळाच्या चिटणीसबाईंनी जेव्हा प्रथम सांगितलं की, "थेंबांनी चष्मा घालवणारे एक सिद्धपुरुष आहेत," तेव्हा शंकासुर मिशीतल्या मिशीत हसले. "आणा त्यांना. मीच परीक्षा घेतो. माझ्यापुढे भल्याभल्यांची डाळ शिजत नाही."

डाळ शिजली. नुसती शिजली नाही, चांगली गाळ शिजली.

"आता प्राध्यापक महाशय, तुम्ही!" योगी म्हणाले. मनुष्य मोठा गोड बोले. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, आवाजात साय. "मला बाबा म्हणू नका, महाराज म्हणू नका. मी तुमच्यासारखाच एक वैज्ञानिक. फरक एवढाच, तुम्ही प्रकाश बाहेर शोधता, मी आत. चष्मा म्हणजे काय? डोळ्याची कुबडी! धडधाकट माणसाला कुबडी दिली, तर पाय चालणं विसरेल की नाही?"

"विसरेल!" गर्दी म्हणाली.

"डोळाही पाहणं विसरलाय. आपण त्याला आठवण करून द्यायची. काढा चष्मा."

शंकासुरांनी चष्मा काढला. तक्त्याचं दही झालं. थेंब पडले, डोळे चुरचुरले. मग योगींनी त्यांना 'सूक्ष्मदृष्टी मुद्रा' शिकवली. मूठ वळायची, बोटं इतकी आवळायची की मधे जेमतेम सुई जाईल एवढी फट उरेल, आणि त्या फटीतून एका डोळ्याने पाहायचं. शंकासुरांनी पाहिलं आणि त्यांच्या तोंडून "अरेच्चा!" निघून गेलं. अक्षरं स्पष्ट! चष्म्याशिवाय! न, र, म, अगदी रेखीव!

"ही तर पहिली पायरी," योगी म्हणाले. "हळूहळू मुठीचीही गरज उरणार नाही."

आता गंमत ऐका. याच खोलीत, याच मुलांना, शंकासुरांनी स्वतः पुठ्ठ्याच्या खोक्याला टाचणीने भोक पाडून 'सूचिछिद्र प्रतिमाग्राहक' दाखवला होता. बारीक भोकातून प्रकाशाचे मोजकेच किरण आत जातात, म्हणून चित्र रेखीव पडतं, हे वाक्य त्यांनी उभ्या आयुष्यात किती वेळा घोकून घेतलं असेल याची गणती नाही. पण खोक्याचं भोक म्हणजे विज्ञान आणि मुठीचं भोक म्हणजे साक्षात्कार! शिकलेल्या माणसाची हीच तर गंमत असते. त्याला फसवायला वेगळं काही लागत नाही. त्याच्याच ज्ञानाला नवं नाव द्यायचं, की झालं काम.

त्याच दिवशी झाडाखाली मंडळाची बैठक झाली आणि चष्मेवाल्याला निरोप गेला की यंदाचे चष्मे नकोत. दरवर्षी मंडळ मुलांना चष्मे द्यायचं, ते बंद. त्याऐवजी योगींना घेऊन सगळ्या शाळा पालथ्या घालायच्या. ठराव शंकासुरांनीच मांडला, आणि आपला चष्मा जीपच्या खणात टाकून दिला.

*

शंकासुरांची धाकटी बहीण डोळ्यांची डॉक्टर. मंडळाच्या मुलांचे डोळे एरवी तीच तपासायची. त्या रविवारी तिला दवाखाना सोडता आला नव्हता. तिला ही आनंदाची बातमी द्यायला शंकासुर दवाखान्यात शिरले आणि दारातूनच मोठ्याने म्हणाले, "काय डॉक्टर, आज इतक्या गप्प का?"

"दादा, तो कोट अडकवायचा स्टँड आहे," बहीण पलीकडच्या खुर्चीवरून म्हणाली. "मी इकडे."

"मला माहीत आहे. गंमत केली." शंकासुर चाचपडत खुर्चीवर टेकले.

त्यांनी अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं. बहीण शेवटी म्हणाली, "मूठ कशी धरायची म्हणालास?"

त्यांनी दाखवली. ती फिसकन हसली.

"हसतेस काय? मी स्वतः पाहिलंय!"

"तू पाहिलंस यात शंकाच नाही. बरं, ती पोरगी, धडपडी. मागच्या वर्षी नेमकी ती तापाने घरी होती, माझ्याकडून तपासायची राहिलीच. तिला आता फळ्यावरचं दिसतं?"

"अगं, सगळ्यांत खालची ओळ वाचली तिने!"

"ते ऐकलं. फळ्यावरचं दिसतं का, विचारतेय."

ते काही शंकासुरांनी विचारलं नव्हतं. पुरावा काय, असं दुधवाल्याला विचारणाऱ्या माणसाला हे सुचलं नव्हतं, याचा त्यांना क्षणभर राग आला; पण तो स्वतःचा न येता बहिणीचा आला. "तुला धंदा बुडायची भीती वाटते," ते म्हणाले.

"हो ना, फुकट तपासलेल्या पोरांच्या जिवावर बंगला बांधतेय मी." मग ती गंभीर झाली. "दादा, ऐक. मोठ्या माणसाने चार महिने चष्मा नाही लावला, तर फार तर खांबाला नमस्कार करेल. पोराचं तसं नसतं. नंबर मोठा असला आणि या वयात चष्मा मिळाला नाही, तर डोळा आळशी होऊन बसतो. मग मोठेपणी कितीही जाड भिंग लाव, पुरतं दिसत नाही. महिनाभर नको थांबायला, पुढच्याच रविवारी त्या शाळेत पुन्हा जाऊ, मी येते. माझ्यादेखत होऊ दे तुमचा चमत्कार."

"ये की! हातच्या कांकणाला आरसा कशाला?" शंकासुर म्हणाले आणि उठताना स्टँडला धडकले.

*

पुढच्या रविवारी गर्दी दुप्पट झाली होती. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरूनही माणसं आली होती. जीप थांबते न थांबते तोच धडपडीची आई पुढे आली. हाताला धरून लेकीलाही आणलं होतं, आणि लेकीचा चेहरा रडून सुजला होता.

"सर, तुमचे फार उपकार झाले," ती म्हणाली. "पोरीचे डोळे बरे केलेत. पण आता शाळा पुरे. मावशीकडे धाडतेय तिला, तिथली लहान पोरं सांभाळेल."

"अहो पण का?" शंकासुर चपापले. "आता तर तिला दिसतंय!"

"तेच तर! इतके दिवस मी मास्तरांना म्हणत होते, पोरीला दिसत नसेल हो, डोक्याने वाईट नाही ती. आता तुम्हीच सगळ्यांदेखत दाखवलंत की तिला मुंगीएवढं अक्षरसुद्धा दिसतं. तरी गणितात भोपळाच. मग दोष डोक्यातच, नाही का? उगाच कशाला बाकावर बसवून ठेवू?"

बाईच्या बोलण्यात एकही वाक्य चुकीचं नव्हतं. चुकीचा होता तो शंकासुरांचा चमत्कार, पण हे अजून त्यांना कुठं कळलं होतं! मागे उभ्या असलेल्या बहिणीने धडपडीच्या डोक्यावर हात ठेवला आणि आईला म्हणाली, "ताई, आजचा दिवस थांबा. माझ्यासाठी."

खोलीत योगींनी बैठक जमवली होतीच. डॉक्टरीणबाई येणार हे कळल्यापासून त्यांच्या आवाजात आणखी साय आली होती. "या, ताई, या! विज्ञान आणि अध्यात्म, दोन्ही बहिणी आज भेटणार!"

"भेटू दे," बहीण म्हणाली. "तुमच्या तक्त्याला फार घड्या पडल्यात. माझ्या दवाखान्यातला लावते." आणि तिने जुना तक्ता उतरवून पिशवीतली गुंडाळी भिंतीवर टांगलीसुद्धा.

शंकासुर छडी घेऊन तक्त्याशेजारी उभे राहिले, तोंड लोकांकडे, पाठ तक्त्याकडे. ही त्यांची मानाची जागा. बहिणीने बाटलीचं लेबल, थेंब, गुणगुणणं सगळं शांतपणे होऊ दिलं. मग धडपडीला रेघेवर उभं केलं.

शंकासुरांनी मागे न पाहता छडी टेकवली. धडपडीने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सुरू केलं, "ग. पट. नरम. कतलस."

"शाब्बास!" शंकासुर गरजले. टाळ्या झाल्या. पण या वेळी टाळ्यांमध्ये दम नव्हता. पुढे बसलेली डोळस माणसं तक्त्याकडे आणि एकमेकांकडे पाहत होती. हेडमास्तरांनी टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले होते.

"दादा," बहीण म्हणाली, "आता तू रेघेवर जा. तुझाही चष्मा गेलाय ना? वाच."

शंकासुर ताठ मानेने रेघेवर गेले. मूठ वळायचीसुद्धा त्यांना गरज वाटली नाही. इतकी वर्षं छडी धरून तो तक्ता त्यांना तोंडपाठ होता, फक्त तो तोंडपाठ आहे हे ठाऊक नव्हतं. "ग," ते म्हणाले, "पट, नरम, कतलस!"

खिडकीतला एक बाप्या खो खो हसत सुटला. "अहो सर, कतलस कुठाय त्यात?"

"म्हणजे?"

बहिणीने पिशवीतून तपासणीची चौकट काढून धडपडीच्या नाकावर बसवली. एक भिंग घातलं, काढलं, दुसरं घातलं. "आता बघ गं."

धडपडीने पाहिलं. तोंडाचा आ झाला. मग ती एकदम भांडायला उठल्यासारखी म्हणाली, "अहो बाई, हा तक्ता चुकलाय! गच्या खाली पट नाहीच आहे! इथे ब आणि द लिहिलंय!"

सगळे एकदम बोलू लागले.

"चुकला नाही," बहीण म्हणाली. "वरचं ग तेवढं दोन्हीकडे सारखं. खालचं सगळं वेगळं. माणसं तक्ता पाठ करतात, म्हणून दवाखान्यात आम्ही दोन ठेवतो. हेडमास्तर, आधीचा तक्ता एरवी कुठं असतो?"

हेडमास्तर सज्जन मनुष्य. "इथेच, भिंतीवर," ते म्हणाले. "मंडळानेच भेट दिलाय. सगळ्या ओळी वाचणाऱ्या मुलाला सर रंगपेटी देतात ना, मग आपलं एकही पोर मागे राहू नये म्हणून... रोज प्रार्थना झाली, की पाढे झाले, की हेही म्हणून घेतो." आणि पुरावा म्हणून त्यांनी नुसता हात वर केला, तर सगळी शाळा एका सुरात ओरडली:

"ग! पट! नरम! कतलस!"

शंकासुरांचे कान तापले. ज्याला दिसत नाही त्याला चष्मा द्यायला यायचं, आणि ज्याला दिसतं त्याला बक्षीस द्यायचं! आंधळेपणा लपवायला पोरांना शिकवलं कुणी? त्यांनीच. योगींनी फक्त शाळेत पाऊल टाकल्याबरोबर हा सूर ऐकला आणि पुढचा डाव रचला. आधी वाचायला न पाहिलेलं लेबल, नंतर वाचायला पाठ झालेला तक्ता. मधले थेंब कसलेही असले तरी चालतात.

"श्रद्धाहीन डोळ्यांसमोर शक्ती मिटून घेते," योगी उठत म्हणाले.

"बसा हो," बहीण म्हणाली. "मुठीची गंमत राहिली." तिने पुठ्ठ्याच्या तुकड्याला टाचणीने भोक पाडून तो धूसर दिसण्याची तक्रार करणाऱ्या एका आजोबांना दिला. आजोबांनी भोकातून पाहून "ब, द!" म्हटलं. पुठ्ठा हातोहात फिरला. "डोळा बरा होत नाही यात. बारीक भोकातून थोडेच किरण आत जातात, म्हणून तेवढ्यापुरतं रेखीव दिसतं. पुठ्ठा काढला, की पुन्हा जैसे थे. हे तुमच्या पोरांना दादानेच शिकवलंय."

"हो, सरांनी खोका आणला होता!" पोरं ओरडली. शंकासुरांना धरणी दुभंगेल तर बरं, असं वाटलं. योगी तोवर बाहेर सटकले होते; पण त्या गावातून जायला मंडळाची जीप हे एकच वाहन होतं, त्यामुळे ते जीपमध्येच काचा वर करून बसून राहिले.

"तो गेला, पण त्याला आणला कुणी?" दारातून एका आजीने खडा टाकला. "तुम्ही शिकलीसवरलेली माणसं म्हणून आम्ही मान डोलावली."

चिटणीसबाई काहीतरी सारवासारव करायला पुढे झाल्या. शंकासुरांनी त्यांना थांबवलं.

"आजी, मीच आणला," ते म्हणाले. "आणि हसा तुम्ही मला, खुशाल हसा. मी रोज लोकांना पुरावा मागतो. इथे मात्र पुरावा बघायच्या वेळी तक्त्याकडे पाठ करून टाळ्या वाजवत होतो. चष्मे मी बंद केले, ते उद्याच पुन्हा सुरू होतील. पण एक मागतो. इथून पुढे कुणी चमत्कार दाखवला, मग तो बाबा असो की माझ्यासारखा शहरातून आलेला शहाणा, त्याला म्हणायचं, तुमचा तक्ता काढा, आम्ही आमचा लावतो. खरं असेल ते दुसऱ्या तक्त्यावरही खरंच निघेल. खोटं असेल ते चिडेल." मग ते धडपडीच्या आईकडे वळले. "ताई, दोष तिच्या डोक्यात नाही. माझ्या डोक्यात होता. तिला मावशीकडे धाडू नका."

आईने पदराने डोळे पुसले आणि लेकीकडे पाहत राहिली. धडपडीला या बोलण्यात रस नव्हता. तिची मान खोलीभर फिरत होती. "आई, तुझ्या कपाळावर तीळ आहे?" तिने विचारलं.

"तुझ्या जन्माआधीपासून आहे गं," आई म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

बहिणीने धडपडीला पुन्हा रेघेवर उभं केलं. नंबर नीट काढायचा होता. पोर आता घोकल्यासारखं बोलत नव्हती. एकेका अक्षरावर थांबत, मान पुढे काढत, ओठ चावत वाचत होती. "ब... द. मग... व? ...नाही, ख." खालच्या ओळीवर गाडी अडली. सवयीने तिने शंकासुरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. सवयीने त्यांचे हात टाळीसाठी वर आले होते. त्यांनी ते पाठीमागे घट्ट धरले.

"सर, हे बरोबर आहे का?" तिने विचारलं.

"मला काय विचारतेस?" शंकासुर म्हणाले. "माझा चष्मा जीपच्या खणात आहे, मला काय कप्पाळ दिसतंय! तुला दिसतं तेच सांग, पोरी. आणि जे दिसत नाही ते दिसत नाही म्हण. कुणी कितीही मोठा समोर उभा असला, तरी म्हण."

धडपडीने पुन्हा तक्त्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"खालची ओळ नाही दिसत," ती खणखणीत आवाजात म्हणाली. बहिणीने मान डोलावून भिंग बदललं.